माणसाचा जंतू, मोत्याचा खोकला

लेकरांनो, ही गोष्ट कुत्र्याची आहे, पण ती सुरू होते माणसाच्या छातीतून.

दर्यापुरात आमच्या गल्लीत एका घरी कर्त्या माणसाला टीबी निघाला. महिना-दीड महिना खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घामानं गोधडी ओली, वजन उतरलेलं. आशाताईंनी मागे लागून त्याला उपजिल्हा रुग्णालयात नेलं, बेडका तपासला, औषध सुरू झालं. इथवर सारं रीतसर झालं. पण त्याच घरात मोत्या नावाचा कुत्रा आहे आणि त्यालाही खोकल्याची ढास लागली होती. गल्लीनं एका संध्याकाळी निकाल लावून टाकला की हा रोग कुत्र्यानंच घरात आणला.

नातू धापा टाकत आला. "आबाजी, मोत्याले चंद्रभागेच्या पल्याड सोडून देऊन रायले. त्याच्यापासूनच काकाले टीबी झाला म्हणते. खरं हाय काय?"

"बस अठी," म्हटलं. "अन् बाकीच्या पोट्ट्याईलेही बोलाव. मोत्याले आज कोणी कुठी नेत नाही, मी बोलतो त्याईच्याशी. आधी तुमी आयका."

तेव्हा जे सांगितलं तेच आता तुम्हाला सांगतो, जरा ऐसपैस.

एक जंतू आहे. इतका बारीक की एका मिलिमीटरच्या अंतरात तीनशेहून अधिक जंतू ओळीनं मावतील. त्याचं शास्त्रीय नाव मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस. त्याची दोन लक्षणं ध्यानात ठेवा, पुढची सारी गोष्ट त्यांवर उभी आहे.

पहिलं लक्षण म्हणजे त्याच्या अंगावरचं मेणाचं जाड आवरण. या मेणामुळे त्याला रंग सहज चढत नाही. पण गरम करून लाल रंग एकदा आत मुरवला, की मग आम्लानं धुतलं तरी तो निघत नाही. तपासनीस याच गोष्टीचा फायदा घेतात. काचेवर बेडका पसरायचा, लाल रंग देऊन तापवायचा, आम्लानं धुवायचा आणि वरून निळा रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बाकी सारं निळं दिसतं आणि त्यात टीबीचे जंतू तेवढे लाल, जरा वाकलेल्या काड्या पडल्या आहेत असे. ज्यानं हा देखावा एकदा पाहिला तो विसरत नाही. एवढा जीव, आणि माणूस खाटेला खिळवतो.

दुसरं लक्षण म्हणजे संथपणा. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू सोयीची जागा मिळाली की वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीचा जंतू त्याच कामाला जवळपास वीस तास घेतो. म्हणून तो प्रयोगशाळेत वाढवायचा तर आठवडे लागतात. म्हणून रोग महिनोन्‌महिने चोरपावलांनी चढतो. आणि म्हणूनच औषधही निदान सहा महिने घ्यावं लागतं, कारण दडून बसलेला, वाढ थांबवलेला जंतू औषधाला लवकर सापडत नाही.

या जंतूला पहिल्यांदा पकडलं रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरानं. २४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिनमध्ये शास्त्रज्ञांच्या बैठकीत त्यानं तो दाखवला. तेव्हा कॉखनं सांगितलं होतं की माणसांच्या दर सात मृत्यूंपैकी एक या रोगानं होतो. तोवर अनेकांना वाटे की हा घराण्यातून उतरणारा रोग आहे. आपल्याकडे तर चंद्रालाही क्षय झाल्याची गोष्ट आहे. दक्षाच्या सत्तावीस मुलींशी लग्न करून तो एकट्या रोहिणीपाशीच राहिला, सासऱ्याचा शाप लागला आणि तो झिजू लागला. हा रोग माणसाला झिजवतो हे आपल्या पूर्वजांनी नीट पाहिलं होतं. झिजवणारा कोण, ते कॉखनं दाखवलं. २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात तो त्यासाठीच.

आता जंतू एका छातीतून दुसऱ्या छातीत जातो कसा, ते पाहा. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो तेव्हा थुंकीचे अगदी सूक्ष्म थेंब हवेत उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंबांतलं पाणी उडून जातं आणि जंतू घेऊन त्यांचे कण हवेतच राहतात, बंद खोलीत तर तासन्‌तास. उघड्या अंगणात वारा त्यांची पांगापांग करतो आणि सूर्यप्रकाशात जंतू फार वेळ टिकत नाही. वऱ्हाडचं ऊन या जंतूचा काळ आहे. धोका असतो तो रात्री, दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत, आणि थंडीच्या दिवसांत तर जास्तच.

त्या खोलीत कोण असतं? बायको, लेकरं, म्हातारी आई. आणि खाटेखाली कुत्रा.

कुत्र्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. घरचा माणूस पडून राहिला की तो त्याच्यापासून हलत नाही. खाटेवरून हात खाली लोंबत असला तर जिभेनं चाटतो. उष्टं ताट पुढ्यात आलं तर पुसून ठेवतो. जमिनीवर पडलेली थुंकी आपण ओलांडून जातो, तो आधी नाक लावतो. माणसाच्या श्वासातून जे येतं ते त्याच्या वाट्याला येतंच, वर पोटातूनही येतं. घरात सगळ्यांत जास्त वेळ आजाऱ्याच्या सोबत तोच काढतो आणि तोंड-नाक झाकायची सोय त्याला नाही.

धाकटी म्हणाली, "मंग मोत्यालेच काकापासून झाला असंन!"

बरोबर नेम लागला. तशी एक पक्की नोंद झालेली गोष्ट आहे, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली. तिथं एका ७१ वर्षांच्या बाईंना फुप्फुसाचा टीबी झाला. त्यांच्या घरी यॉर्कशायर टेरियर जातीचा छोटा केसाळ कुत्रा होता, साडेतीन वर्षांचा. बाईंचं निदान झाल्यावर सुमारे सहा महिन्यांनी त्याला पशुवैद्याकडे आणलं, तेव्हा तो काही महिन्यांपासून खोकत होता, वाळत चालला होता. त्याच्या श्वासनलिकेतून काढलेल्या नमुन्यात आधी काही सापडलं नाही. कुत्रा वाचला नाही. मेल्यानंतर तपासणीत टीबीचा जंतू मिळाला. मग डॉक्टरांनी बाईंच्या छातीतला जंतू आणि कुत्र्याच्या अंगातला जंतू यांची जनुकीय ओळख ताडून पाहिली. दोन्ही एकच निघाले. २००४ साली ही नोंद छापून आली. जंतू बाईंकडून कुत्र्याकडे गेला होता. कुत्र्याला बोल लावायला तिथं जागाच उरली नाही.

एकाच कुत्र्यावरून सगळं ठरवू नये म्हणून दुसरी हकिकत सांगतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या परिसरात माणसांत टीबी फार आहे. तिथल्या संशोधकांनी टीबीच्या रुग्णांच्या घरची कुत्री तपासली. त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांच्या रक्तात जंतूशी गाठ पडल्याची खूण मिळाली. निम्मी म्हणजे थोडी नव्हेत. पण प्रत्यक्ष रोगानं आजारी पडलेली कुत्री मात्र फार थोडी. जंतू अंगात शिरणं वेगळं आणि रोग होणं वेगळं, हे माणसालाही लागू आहे. जंतू शिरलेल्या शंभर माणसांपैकी नव्वद जण जन्मभर आजारी पडत नाहीत.

हे कसं होतं? गावात चोर शिरल्याची हाकाटी झाली की लोक वेस लावून घेतात आणि त्याला आतच कोंडतात. शरीरही तसंच करतं. पांढऱ्या पेशी जंतूभोवती गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि त्याला कोंडणारी गाठ तयार होते. जंतू मरतोच असं नाही, मेणाच्या आवरणामुळे तो पेशीच्या पोटातही तग धरतो. पण तो कोंडलेला राहतो. भूक, मधुमेह, दारू, दुसरा एखादा आजार यांनी अंगातला जोर कमी झाला की कोंडलेला बाहेर पडतो.

कुत्र्यात तो बाहेर पडला तर काय दिसतं? बराच काळ न जाणारा खोकला, वाळत जाणं, अधूनमधून ताप, गळ्याखालच्या गाठी सुजणं, कधी छातीत पाणी होणं. आणि एक चमत्कारिक लक्षण असं की कधी कधी कुत्रा लंगडू लागतो. चारही पाय खालून जाड होतात, हात लावला की तो कळवळतो. मालक पायाला तेल चोळत बसतो, आणि दुखणं असतं छातीत! फुप्फुसात मोठी गाठ वाढली की पायांच्या लांब हाडांवर नव्या हाडाचे थर चढू लागतात. छातीतल्या इतर गाठींमुळे, विशेषतः कर्करोगामुळे, हे जास्त वेळा होतं, टीबीमुळेही होतं. जाणता पशुवैद्य असे पाय पाहिले की पायाआधी छातीचा एक्स-रे काढायला सांगतो. शरीर कुठलं दुखणं कुठं बोलून दाखवील याचा नेम नसतो. निसर्गातली ही गोष्ट मला कायम थक्क करते.

निदान सोपं नाही. माणसाच्या आणि गाईच्या कातडीत सुई टोचून टीबीची जी चाचणी करतात, ती कुत्र्यात भरवशाची ठरत नाही. एक्स-रे, गाठीतला किंवा श्वासनलिकेतला नमुना, रंग देऊन तपासणी, जनुकीय चाचणी आणि जंतू वाढवून पाहणं, इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात. अनेकदा रोग कळतो तो कुत्रा गेल्यावरच. आपल्या भागाला मोठा आधार म्हणजे अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय आणि पशुविज्ञान संस्था. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शंका आली तर पुढं दाखवायला जागा आहे.

आणि हेही सांगून ठेवतो की कुत्र्याचा खोकला म्हणजे टीबी असं समीकरण मांडू नका. कुत्र्याला खोकला यायला कितीतरी कारणं आहेत. श्वासनलिकेचा साधा संसर्ग, डिस्टेंपर, हृदयाचा विकार, पोटातले आणि हृदयातले जंत. मोत्याला दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला श्वासनलिकेचा संसर्ग निघाला. औषधानं खोकला थांबला. गल्लीनं मात्र त्याला नदीपार करायची तयारी करून ठेवली होती.

"पण आबाजी," थोरली विचारती झाली, "कुत्र्याले टीबी झालाच तर तो आपल्याले देते काय?"

हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. माणसाचा टीबी कुत्र्याकडे गेल्याची उदाहरणं आहेत. कुत्र्याकडून माणसाकडे आल्याची खात्रीलायक उदाहरणं शोधावी लागतात, इतकी ती विरळ. आजारी कुत्रा खोकताना किंवा गाठ फुटून पू वाहताना जंतू बाहेर टाकू शकतो, तेव्हा सावधगिरी हवीच, लहान लेकरं आणि अशक्त माणसं त्याच्यापासून दूर हवीत. पण टीबीचा हा जंतू जगतो आणि पसरतो तो माणसाच्या जोरावर. भारतात जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आहेत. एवढा मोठा साठा माणसाच्या छातीत असताना कुत्र्याकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यामुळे खरा उपाय बाजूला पडतो.

आता या गोष्टीतलं मला सगळ्यांत नवलाचं वाटतं ते सांगतो. फार वर्षं शास्त्रज्ञांना वाटत होतं की माणसानं गुरं पाळली आणि गुरांचा टीबी माणसात आला. गुरांच्या टीबीचा जंतू माणसाच्या जंतूचा भाऊबंद आहे, नाव मायकोबॅक्टेरियम बोविस. ही कल्पना पटण्यासारखी होती. पुढं जनुकं वाचता येऊ लागली. माणसाच्या टीबीच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच १९९८ साली वाचून झाला. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी भावकीतल्या सगळ्या जंतूंची जनुकं शेजारी शेजारी ठेवली. २००२ साली त्यांनी मांडलं की गुरांच्या जंतूत जनुकांचे तुकडे गळालेले आहेत आणि माणसाच्या जंतूत ते शाबूत आहेत. गळालेला तुकडा परत येत नाही. म्हणजे माणसाचा जंतू गुरांच्या जंतूपासून निघालेला असू शकत नाही. माणसाच्या जंतूची घडणच जुन्या मूळपुरुषाला जास्त जवळची. ज्या गाईला आपण दोष देत होतो, तिच्यावरचा आरोप तिथं गळून पडला.

आणि समुद्रातली हकिकत तर याहून मोठी. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात हजारेक वर्षांपूर्वीचे मानवी सांगाडे सापडले, त्यांच्या मणक्यांवर टीबीच्या खुणा होत्या. युरोपातली माणसं तिथं पोचण्याच्या कितीतरी आधीचे हे सांगाडे. मग टीबी तिथं आला कुठून? २०१४ साली त्या हाडांतल्या जंतूची जनुकं वाचली तर ती जुळली सील या समुद्री प्राण्याच्या टीबीच्या जंतूशी. सील महासागर पोहून गेले, किनाऱ्यावरच्या माणसांनी त्यांची शिकार केली, मांस खाल्लं आणि रोग माणसात आला असावा. तेव्हा जनावराकडून माणसाकडेही वाट आहे, नाही असं नाही. आणि उलटी वाटही आहेच. मेळघाटात कोलकासला तुम्ही हत्ती पाहिले ना? पाळलेल्या हत्तींना माणसाच्या सहवासातून टीबी झाल्याच्या नोंदी केरळात आहेत, अमेरिकेतही आहेत. एवढा प्रचंड जीव, आणि त्याला माणसाचा खोकला भोवतो.

गुरांच्या जंतूला मात्र कुत्र्यानं जपूनच राहायला हवं. इंग्लंडमध्ये २०१६-१७ च्या सुमाराला किंबलविक हंट या शिकारी कुत्र्यांच्या तांड्यात गुरांचा टीबी पसरला. शंभरच्या आसपास कुत्री मारून टाकावी लागली. शेतावर मेलेल्या गुरांचं कच्चं मांस त्यांना घालत असत, तिथूनच तो आला असावा असा अंदाज निघाला. २०१४ साली त्याच देशात पाळीव मांजरांकडून दोन माणसांना गुरांचा टीबी झाल्याचंही जाहीर झालं होतं.

हे ऐकताना मला आपल्या शिवाराबाहेरची ढोरफोडीची जागा आठवते. मेलेलं जनावर तिथं टाकलं की पूर्वी गिधाडं उतरत आणि बघता बघता हाडं मोकळी करत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथंच संपतात. मग गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभरची गिधाडं पटापट मेली. २००६ साली हे औषध गुरांसाठी बंद झालं, पण आकाश मोकळं झालं ते झालंच. आता त्या जागी कुत्री असतात. म्हणून मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नये, खोल पुरावं. पाळलेल्या कुत्र्याला कच्चं मांस आणि निरसं दूध घालू नये. दूध उकळून पिण्याची आपल्या घरातली रीत गुरांच्या टीबीला दारातच अडवते, ती कुत्र्याच्या वाडग्यालाही लावा.

गुरांच्या याच जंतूतून माणसाला एक लेणंही मिळालं आहे. तुमच्या डाव्या दंडावर बारीक व्रण आहे बघा. अल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून गुरांचा जंतू बटाट्यावर, बैलाच्या पित्तात वाढवायला सुरुवात केली. पुन्हा पुन्हा नव्या बटाट्यावर घेत घेत तेरा वर्षांत २३० वेळा तो नव्यानं वाढवला. मधे पहिलं महायुद्ध होऊन गेलं. शेवटी जंतू इतका निवला की रोग करेना, पण अंगाला शत्रूची ओळख करून देऊ लागला. १९२१ साली तो पहिल्यांदा लेकराला दिला. तीच बीसीजीची लस. तान्ह्या लेकरांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर रूपांपासून ती वाचवते.

आता जरा कान देऊन ऐका, कारण पुढचं ऐकून कोणाचा तरी कुत्रा वाचेल.

टीबीच्या रोजच्या औषधात आयसोनियाझिड नावाचं औषध असतं. १९५२ पासून ते वापरात आहे आणि त्यानं कोट्यवधी माणसं वाचवली आहेत. माणसाचं यकृत या औषधावर एक रासायनिक क्रिया करून त्याला निकामी करतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. कोणाचं यकृत हे भराभर करतं, कोणाचं सावकाश. कुत्र्याच्या अंगात ही क्रिया करणारं विकरच नाही. ते घडवणारी जनुकंच कुत्र्याच्या कुळात नाहीत! म्हणजे जी गोळी मालकाला जीवदान देते, तीच कुत्र्यानं चावून गिळली तर त्याला काही वेळातच झटके येतात, शुद्ध जाते आणि जीवही जातो. यावर उतारा आहे, ब-६ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, पण ते वेळेत मिळायला हवं. म्हणून टीबीच्या गोळ्यांची पाकिटं उशाखाली किंवा खाटेच्या पायथ्याशी ठेवायची नाहीत. उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवायची. कुत्र्यानं गोळ्या खाल्ल्या असं दिसलं तर झटक्याची वाट न पाहता रिकामं पाकीट हातात घेऊन पशुवैद्याकडे पळायचं. आणि कुत्र्याला टीबी आहे असं वाटलं तरी माणसाच्या गोळ्या आपल्या मनानं त्याला चारायच्या नाहीत. त्याला औषध द्यायचं की नाही, द्यायचं तर किती आणि घरातल्या माणसांना त्याचा धोका काय, हा निर्णय पशुवैद्याचा आहे.

मधल्यानं विचारलं, "मंग आजारी माणसाले तरी घराबाहेर ठेवा लागते काय?"

नाही. ते कोडं आपल्याच देशात सुटलं आहे. पूर्वी टीबी झालेल्याला मिरज, पाचगणी अशा ठिकाणच्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने नेऊन ठेवत. गरिबानं काय करावं? १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून औषध दिलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून तेच औषध दिलं. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना रोग जास्त लागला असंही दिसलं नाही. तेव्हापासून जगानं रुग्णाला घरापासून तोडणं सोडलं. नेमानं औषध घेतलं की साध्या टीबीत दोनेक आठवड्यांतच दुसऱ्याला देण्याचा धोका पुष्कळ उतरतो. तेवढे दिवस तोंडाला रुमाल, खिडक्या उघड्या, थुंकी झाकणाच्या डब्यात. आणि कुत्र्याचं अंथरूण खाटेखालून काढून ओसरीवर, उष्टं ताट त्याच्यापुढं नाही. एवढं केलं की झालं.

माणसाला रोगापायी हाकलून देण्याची खोड मात्र आपल्याकडे जुनी आहे. कुष्ठरोगाचा जंतू हा टीबीच्या जंतूचाच मेणाच्या आवरणाचा भाऊबंद, त्याच्याहूनही संथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. त्या रोगाच्या माणसांना लोक गावाबाहेर घालवत होते, तेव्हा अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभं केलं, त्यांना घर दिलं, हाताला काम दिलं. वऱ्हाडातल्या माणसानं हे उदाहरण डोळ्यांपुढं ठेवावं. आपण रोग्याला हाकललं की रोगी रोग लपवतो, आणि लपवलेला रोग घरभर पसरतो. कुत्र्याला हाकललं की तो गावात भटकत राहतो. आजारी असलाच तर तपासणीविना, निरोगी असला तर विनाकारण उपाशी.

तेव्हा लेकरांनो, आणि हे वाचणाऱ्या मोठ्या माणसांनो, घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी माणसाचा बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि औषध सुरू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात आहारासाठी पैसेही जमा होतात. बरं वाटायला लागलं म्हणून औषध मधेच सोडू नका, डॉक्टर सांगतील तितके महिने पुरे करा. घरात टीबीचा रुग्ण असेल आणि कुत्रा खोकू लागला, तर पशुवैद्याला ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर त्याला ते कळायला दुसरा मार्ग नाही.